खिडकीतला आकडा

काका कुणाच्याही घरून एकदम उठून गेले नाहीत. बर्मिंगहॅमच्या आमच्या दहा-बारा मराठी कुटुंबांत रविवारी कुणाकडे तरी जेवण असायचं. जेवणं आटोपली, बायका भांड्यांना लागल्या, पुरुषांनी कोचावर पाय पसरले, की बरोबर साडेतीनला काका घसा खाकरून जाहीर करायचे, "मंडळी, आम्ही चार वाजता निघणार." चारला ते उठायचेच. मग घरची बाई बिचारी म्हणायची, "अहो, बसा की अजून थोडं." त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "तुम्हाला अर्धा तास होता आग्रह करायला."

आमच्या मुलांनी त्यांचं नाव नोटीसकाका ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

शहराच्या कडेला एका कौन्सिल इस्टेटवर त्यांचं केमिस्टचं दुकान होतं. इस्टेट म्हणजे नगरपालिकेने बांधलेली एकसारखी चारशे-पाचशे घरं आणि त्यांच्या मधोमध पाच दुकानांची रांग. काकांचं दुकान टोकाला, वर त्यांचं राहतं घर. बुटके, गोरे, पांढऱ्या कोटाच्या खिशाला तीन पेनं. त्यातलं एकच लिहायचं, आणि ते कोणतं हे त्यांना दर वेळी तिन्ही उघडून बघावं लागायचं. आमचे डॉक्टर दिवसभर हॉस्पिटलमध्ये, मी घरी भिंतींशी बोलत बसलेली. म्हणून ऐंशीच्या दशकात कधीतरी मी त्यांच्या काउंटरवर उभी राहिले ती आठ वर्षं उभीच होते. वर्षभराने एके दिवशी काका म्हणाले, "डॉक्टरीणबाई, सोडायचं असेल तर तीन महिने आधी सांगायचं."

मी विचारलं, "आणि तुम्हीच मला काढणार असाल तर?"

"मग सहा."

चहातली साखर बंद करायची तर त्यांनी काकूंना महिनाभर आधी सांगितलं. एकदा मिशी काढायचं मनात आलं, तर दोन महिन्यांची मुदत दिली. काकूंनी साठ दिवस त्या मिशीकडे बघून घेतलं आणि एकसष्टाव्या दिवशी सांगितलं, "राहू दे." मिशी राहिली. एकदा मला ताप आला म्हणून सकाळी फोन केला, तर पलीकडून प्रश्न, "तापाने काल संध्याकाळी काहीच कळवलं नव्हतं का?" मी चिडून फोन आपटला. दुपारी काकू स्वतः वरण-भाताचा डबा घेऊन दारात, आणि मागे काका हातात पॅरासिटामॉल घेऊन. मी त्यांना काकू म्हणायची, काका मात्र त्यांना आयुष्यभर 'बाई' म्हणाले.

हे वेड त्यांना जन्मजात नव्हतं. काकूंनी मला सांगितलं की आधी ते चारचौघांसारखेच होते, उलट जरा विसरभोळेच. ते सुरू झालं शेजारच्या वाणसामानाच्या दुकानापासून, आणि तो दिवस मी स्वतः पाहिला.

एका शनिवारी ते दुकान रोजच्यासारखं बंद झालं आणि सोमवारी उघडलंच नाही. काचांना आतून चुना फासलेला. पाटी नाही, चिठ्ठी नाही. पाव, दूध, बटाटे, सगळी इस्टेट त्याच दुकानातून न्यायचं. पुढचं दुकान रिंग रोडला, दोन बसेस बदलून. सकाळपासून म्हाताऱ्या बायका आपापल्या चाकांच्या पिशव्या ओढत यायच्या, चुन्याकडे बघायच्या आणि उभ्या राहायच्या. कुणी निघून जायचं नाही. उघडेल, असंच प्रत्येकीला वाटत होतं. त्यांत डोरीन होती. सत्तरी ओलांडलेली, हृदयाची दुखणेकरी, आमच्याकडून दर मंगळवारी आठवड्याच्या गोळ्या नेणारी. ती तिथे पाऊण तास उभी होती. शेवटी काकाच गेले, तिला दंडाला धरून आमच्या खुर्चीत आणून बसवलं. ती म्हणाली, "देअर'ल बी अ नोट, बाब. दे'ड हॅव लेफ्ट अ नोट." तिकडची माणसं ज्याला त्याला प्रेमाने 'बाब' म्हणतात. काकांनी त्या दुकानाचं दार खालपासून वरपर्यंत तपासलं, टपालाच्या फटीतूनसुद्धा डोकावून पाहिलं. चिठ्ठी नव्हती.

त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. केमिस्टला असं दुकान बंद करता येत नाही. सरकारी प्रिस्क्रिप्शनं घेणाऱ्याने तीन महिने आधी आरोग्य खात्याच्या कमिटीला लेखी कळवावं लागतं. "गोळीला कायदा आहे आणि पावाला नाही," ते म्हणाले. "गोळी रिकाम्या पोटी घ्यायची का मग?"

झालं. काकांनी टाइपरायटर काढला. इस्टेटवरचं एकुलतं एक दुकान, मग ते पावाचं असो, दुधाचं असो की औषधाचं, बंद करायचं असेल तर तीन महिने आधी सगळ्यांना कळवलंच पाहिजे, खिडकीत पाटी लावलीच पाहिजे, असा कायदा करा म्हणून त्यांनी खासदाराला लिहिलं. उत्तर आलं की विचार स्तुत्य आहे, परंतु. त्या परंतुच्या पुढे काय होतं ते काकांनी कधी वाचून दाखवलं नाही. मग कौन्सिलच्या सभेत बोलायला तीन मिनिटं मिळवली. मी आणि काकू मागच्या बाकावर. काकांनी पहिलं मिनिट आपण पुढच्या दोन मिनिटांत काय बोलणार आहोत ते सांगण्यात घालवलं. मी कपाळाला हात लावला. पण नंतरचं छान बोलले. एका कौन्सिलरने शांतपणे विचारलं, "बट सर, हू पेज फॉर दोज थ्री मंथ्स? दुकानदाराला आत्ताच जायचं असेल, तर ते तीन महिने कुणाचे जाणार?"

काका म्हणाले, "आय हॅव नॉट थॉट ऑफ दॅट," आणि बसले. लोक हसले, मीही हसले. काकू हसल्या नाहीत.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. त्या नाशिकच्या. साठीतल्या, उंच, कमी बोलणाऱ्या. तेवीस वर्षं त्या दुकानाच्या डोक्यावर राहिल्या आणि तेवीस वर्षं त्यांच्या मनाने नाशिक सोडलं नाही. वडील गेले तेव्हा तार मिळून त्या पोचल्या त्या तेराव्याला. एकट्याच गेल्या, कारण दुकान टाकून काकांना निघता येईना. दारातच आईने विचारलं, "जावई कुठे आहेत?" ते त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. "आता जाईन ती जोडीने," त्या मला म्हणायच्या. "आणि आई आहे तोवर." आई सत्त्याऐंशीची. रविवारी नाशिकच्या शेजाऱ्यांच्या फोनवर तीन मिनिटं बोलणं व्हायचं. त्यातलं पहिलं मिनिट नेहमी "ऐकू येतंय का" यातच जायचं.

नव्वदच्या पुढेमागे काकांनी एकदाचं ठरवलं की दुकान विकायचं आणि परत जायचं. काकूंनी त्याच दिवशी माळ्यावरची बॅग खाली काढली. गिऱ्हाईकही लगेच मिळालं. लंडनजवळच्या क्रॉयडनहून एक तरुण केमिस्ट गाडी घेऊन आला, नम्र, हुशार. काकूंच्या हातची भजी खाल्ली, चार आठवड्यांत सगळं उरकू म्हणाला. काकूंनी बोटांवर दिवस मोजले. चार आठवडे!

जाता जाता तो काउंटरपाशी थांबला. मी तिथेच होते. म्हणाला, "अंकल, एकच रिक्वेस्ट. विंडोमध्ये काही लावू नका. मी दुकान इथे ठेवणार नाही, काउंटर रिंग रोडला शिफ्ट करणार. आधी कळलं तर लोक पिटिशन वगैरे करत बसतात. कमिटीचे पेपर्स माझा सॉलिसिटर बघेल. कागदोपत्री दुकान बंद होत नाही, फक्त शिफ्ट होतंय, म्हणून तीन महिन्यांची नोटीसही लागत नाही. कस्टमर्सना सांगायची लीगली गरज नाही."

काकांनी विचारलं, "म्हणजे एका सोमवारी ते येतील आणि..."

"दे'ल मॅनेज, अंकल. पीपल मॅनेज."

काकांनी तीनही पेनं खिशातून काढली आणि परत ठेवली. "मला जमणार नाही," ते म्हणाले.

मला इतका राग आला की काय सांगू. डोरीनसाठी म्हणून हा माणूस स्वतःच्या बायकोला टांगणीला लावतो! मी तोंडावर बोलले. "काका, काकूंना विचारलंत का तुम्ही?" ते म्हणाले, "विचारतो." आणि जिना चढून वर गेले. वरून आवाज आला नाही, आदळआपट झाली नाही. तेच मला वाईट वाटलं. पंधरा मिनिटांनी खाली आले. "बाई म्हणाली, तीन महिने तर तीन महिने."

"आणि तुम्ही त्यांना म्हणालात ना, की तू पुढे जा?"

"म्हणालो. ती म्हणते, आई पुन्हा जावई कुठे म्हणून विचारेल."

रविवारी फोनवर काकूंनी आईला सांगितलं. मी शेजारीच उभी होते, म्हातारीचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. "तीन महिने ना? ये गं सावकाश. मी काय पळून चाललेय?"

त्या तरुणाशी सौदा मोडून काकांनी कमिटीला पत्र घातलं आणि खिडकीत पाटी लावली. हे दुकान अमुक दिवशी कायमचं बंद होत आहे. पण पाटी लोक एकदा वाचतात आणि मग त्यांना ती दिसेनाशी होते, म्हणून खाली रोजचा आकडा. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे काकूंनी कापले, काकांनी त्यांवर जाड शाईने नव्वदपासून एकपर्यंत आकडे लिहिले. नऊच्या ठोक्याला कुलूप काढायच्या आधी जुना आकडा काढून नवा लावायचा, हे काकांचं रोजचं काम. तेवढ्यापुरत्या काकू खाली यायच्या. मागे उभ्या राहून आकडा बघायच्या आणि वर जायच्या. इस्टेटच्या लेखी ते दुकान बंद व्हायचे दिवस होते. काकूंच्या लेखी आईला भेटायचे.

त्या तीन महिन्यांत काकांनी जे केलं, ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. तिकडे दुकानं बुधवारी अर्धा दिवस बंद असायची. दर बुधवारी दुपारी काका एक-दोन म्हाताऱ्यांना घेऊन बसने रिंग रोडवर आधीपासून असलेल्या दुसऱ्या केमिस्टकडे जायचे. पहिली बस कुठली, कुठे उतरायचं, दुसऱ्या बससाठी रस्ता कुठे ओलांडायचा, बाकडं कुठल्या स्टॉपला आहे. तिथे पोचल्यावर नव्या केमिस्टशी रीतसर ओळख करून द्यायची आणि त्या माणसाची माहिती लिहिलेलं कार्ड त्याच्या हाती ठेवायचं. कुठली गोळी, कुठलं औषध सोसत नाही, शिवाय "यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडे उभे राहावे." तो नवा केमिस्ट आधी हसला. मग एका बुधवारी त्याने काकांसाठी चहा करून ठेवलेला मी पाहिला.

डोरीनच्या वेळी मी बरोबर होते. बसमध्ये तिने आपल्या नवऱ्याची गोष्ट सांगितली. तो एका इंजिनिअरिंगच्या कारखान्यात होता, एकतीस वर्षं. एका सकाळी डबा घेऊन कामाला गेला आणि तासाभरात घरी आला. गेटला साखळी होती. "ही केम होम विथ हिज सँडविचेस," ती म्हणाली. "आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तसाच बसून राहिला. बारा वाजल्यावर खाल्ली." मग तिने काकांच्या गुडघ्यावर थोपटलं. "यू टोल्ड अस, बाब. नोबडी एव्हर टेल्स अस." आणि थोड्या वेळाने विचारलं, "अँड यॉर मिसेस? शी मस्ट बी काउंटिंग द डेज."

"येस," काका म्हणाले. "सेम नंबर."

पंचेचाळीस झाला, तीस झाला. दुकान ओस पडत चाललं. नव्या केमिस्टची वाट कळल्यावर माणसं तिकडेच जाऊ लागली, आणि त्यांना नावं कशी ठेवणार, आम्हीच शिकवलं होतं. काकू मात्र बदलत होत्या. बॅग भरून झाली होती, आईसाठी लोकरीची शाल सगळ्यात वर ठेवली होती. आकडा बघायला आल्या की आता दोन मिनिटं रेंगाळायच्या. एकदा मला म्हणाल्या, "वीस राहिले की आईला सांगणार आहे, की आता फोन नको, आता मीच येतेय." आकडा वीस झाला तो रविवार होता. तसं त्यांनी सांगितलंही.

तीन दिवसांनी, बुधवारी, मी सव्वानऊला दुकानापाशी पोचले तर खिडकीत अजून कालचाच आकडा. अठरा. आत दिवा नाही. दारापाशी डोरीन चाकांच्या पिशवीला टेकून उभी. तिची गोळ्यांची मंगळवारची फेरी पायदुखीमुळे हुकली होती. "ही'ज नेव्हर लेट, बाब," ती म्हणाली. माझ्याकडे मागच्या दाराची किल्ली होती. मी वळसा घालून आत गेले.

काका काउंटरमागच्या स्टुलावर ओव्हरकोट घालून बसले होते. पांढरा कोट खुंटीला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहाटे मेव्हण्याचा फोन आला. बाईची आई गेली. झोपेत. आजारी वगैरे काही नव्हती."

मी वर बघितलं.

"वर आहे. रडत नाहीये. आज बंद, डॉक्टरीणबाई. आज काय, कायमचं बंद. तिकिटं मिळतील त्या विमानाने निघतो. कमिटीला काय करायचं ते करू दे." मग म्हणाले, "त्या कौन्सिलरने विचारलं होतं ना, की ते तीन महिने कुणाचे जाणार? बघा कुणाचे गेले."

त्या क्षणी अडीच महिन्यांपूर्वीचा माझा राग खरा ठरला होता. मला हवं ते मी सुनावू शकले असते. पण तो म्हातारा कोटाची वरची दोन बटणं चुकीच्या काजांत घालून बसला होता. मी खाली बसून ती नीट लावली. दुसरं काही करता आलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. काकू खाली आल्या. न्हालेल्या, केस ओले, साधी सुती साडी. डोळे कोरडे आणि लाल. दोघांकडेही न बघता त्या सरळ दारापर्यंत गेल्या आणि काचेतून बाहेर बघितलं.

"ही कधीची उभी आहे?"

मी म्हटलं, "मी आले त्याच्या आधीपासून असणार. पण काकू, मी सांगते तिला. आज..."

"काय सांगशील?"

काका उठले. "बाई, आपण आज निघू. मी चूक केली. त्या मुलाचं ऐकलं असतं तर तू दीड महिन्यापूर्वीच आईजवळ..."

"हो," काकू म्हणाल्या. "असते."

माफ केलं, असं नाही म्हणाल्या. चालायचंच, असंही नाही म्हणाल्या. पुढेही कधी म्हणाल्या नाहीत, मला खात्री आहे. त्या नुसत्या काचेपलीकडे बघत राहिल्या. डोरीनने त्यांना पाहिलं आणि हात वर केला.

"मला कुणी सांगितलं नाही," काकू म्हणाल्या. "बाबांच्या वेळी नाही, आईच्या वेळी नाही. हिला तुम्ही सांगितलंय. अजून किती दिवस राहिलेत?"

मीच म्हटलं, "सतरा."

"मग कोट घाला."

काकांनी ओव्हरकोट काढला आणि पांढरा कोट घातला. काकू खिडकीच्या आत वाकल्या. इतक्या दिवसांत त्या पुठ्ठ्यांना त्यांनी कापल्यानंतर पुन्हा कधी हात लावला नव्हता. त्यांनी अठरा काढला, पदराने काच पुसली, सतरा लावला, आणि दाराची कडी काढून डोरीनला म्हणाल्या, "कम इन, लव. इट इज ओपन."